चुकीची उत्तरं लिहिणारे मास्तर

शाळेत होते तोवर त्यांना सगळे नुसतेच मास्तर म्हणायचे. चकवेमास्तर हे नाव पुढे परीक्षा मंडळात पडलं आणि असं चिकटलं, की पगाराच्या वेळी त्यांचं खरं नाव पुकारलं गेलं तेव्हा तिथल्या शिपायानेच एकदा विचारलं, हे गृहस्थ कोण म्हणे?

मास्तर विज्ञान शिकवायचे. माणूस नाकासमोर चालणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. एक खोड मात्र होती. वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासायला आल्या की बाकीचे शिक्षक कपाळाला हात लावायचे. मास्तर खुर्ची खिडकीशी ओढून कादंबरी वाचावी तसे गठ्ठेच्या गठ्ठे वाचायचे. बरोबर उत्तरांवरून ते भराभर पुढे जायचे, कारण बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. चुकीचं आलं की थांबायचे. एका मुलीने लिहिलं होतं, थंडीत तोंडातून धूर येतो कारण पोटात अन्न जळत असतं. मास्तरांनी शून्य मार्क दिले आणि घरी येऊन बायकोला कौतुकाने सांगितलं, पोरीने केवढा विचार केलाय बघ. बायको सूतिकागृहात परिचारिका होती, दिवसभर उभी राहून आलेली. ती म्हणाली, एवढं कौतुक आहे तर एखादा मार्क टाकायचा होता की पदरात.

मग एका वर्षी मंडळाने परीक्षेचा तोंडवळाच बदलला. मुलं वाढली होती, तपासणारे तेवढेच होते, निकालाला उशीर व्हायचा, आणि एकच उत्तर एका परीक्षकाला आठ मार्कांचं वाटायचं तर दुसऱ्याला तीनचं. आई-बाप दाद मागायला यायचे. तेव्हा ठरलं, की आता लांबलचक उत्तरं नकोत. प्रश्नाखाली चार पर्याय, त्यातला एक बरोबर, त्यापुढचा गोल काळा करायचा. तपासायचं काम यंत्राचं. शिक्षकांना असे प्रश्न लिहायला शिकवण्यासाठी शिबिर भरलं. प्रश्न लिहिणं सोपं, बरोबर उत्तर त्याहून सोपं. गाडी अडायची ती चुकीच्या तीन उत्तरांपाशी. भले भले डोकं खाजवत बसले. सूर्य कुठे उगवतो याला पूर्व, पश्चिम, स्वयंपाकघर आणि कपाट, असले पर्याय निघायला लागले.

मास्तरांचा कागद मंडळाच्या प्रमुखबाईंच्या हातात गेला. बाई स्वतः विज्ञानाच्या, शिस्तीच्या, हसणं जपून वापरणाऱ्या. त्यांनी एका प्रश्नावर पेन टेकवलं, न बिचकता खूण केली, आणि ती चुकली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे कुठून आणलंत?" त्यांनी विचारलं.

"मुलांकडून," मास्तर म्हणाले. "मी मनाने काहीच लिहिलेलं नाही. खरी उत्तरं आहेत सगळी, फक्त चुकलेली."

पुढच्या महिन्यापासून मास्तर मंडळाच्या गोपनीय विभागात रुजू झाले. पगार वाढला, फळ्याचा खडू सुटला, आणि त्यांनी एका शपथेवर सही केली: इथे काय लिहिलं, कोणी लिहिलं, कोणाचं काय वापरलं, यातलं अवाक्षर बाहेर काढणार नाही. घरात नाही, नोकरी संपल्यावर नाही, मरेपर्यंत नाही. मोडली तर नोकरी जाईलच, वर तुरुंग. सही करताना मास्तरांना त्यात जड असं काही वाटलं नाही. आयुष्यात त्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतंच.

गोपनीय विभाग म्हणजे एक लांब खोली, लोखंडी कपाटं, आणि दारात फोन ठेवायचा एक ट्रे. पण खरी गंमत परीक्षेच्या आधीची. पेपर काढणाऱ्यांना मागच्या इमारतीत न्यायचे. फाटकाला बाहेरून कुलूप, खिडक्यांच्या काचांना आतून पांढरा कागद, जेवण दारातल्या फळीवरून आत यायचं. शेवटचा पेपर होऊन मुलं घरी गेली की मग यांना सोडायचे. सगळे त्या इमारतीला कोंडवाडा म्हणायचे. हसत हसत म्हणायचे, पण म्हणायचे. मास्तरांचे थोरले भाऊ गेले तेव्हा मास्तर आत होते. बाहेर आले तोवर सगळं उरकलेलं होतं. वहिनींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, भावोजी, तुम्हाला कळवायचं तरी कुठे?

कामात मास्तर तरबेज निघाले. विभागात एक आकडेवाले होते, अंगाने वाळकुडे, एकटे डबा खाणारे. कोणत्या पर्यायाला किती मुलं भुलली याचा हिशेब ते परीक्षेनंतर काढायचे. ज्या पर्यायाकडे कोणी फिरकलंच नाही त्याला ते मेलेला पर्याय म्हणायचे. इतरांच्या प्रश्नांत मढी पडलेली असायची; मास्तरांचा एकही पर्याय कधी मरायचा नाही. चुकीच्या पर्यायाला तिथे चकवा म्हणत, म्हणून हे चकवेमास्तर.

पण शाळा सुटली तसा मुलांचा सहवासही सुटला. जुन्या उत्तरपत्रिकांतली आठवण किती दिवस पुरणार? पुढे पुढे मास्तरांना नवीन चुका मिळेनात. तेव्हा त्यांचं लक्ष घरातल्याच विहिरीकडे गेलं.

त्यांना एकच मुलगी. काहीही सांगितलं की ती आधी "पण" म्हणायची, म्हणून घरात तिचं नाव पणती पडलं. खीर गरम आहे सांगितलं तर, पण वरची की खालची? शाळेची बस गेली म्हटलं तर, पण आपल्या घड्याळाने की त्यांच्या? आईचा जीव मेटाकुटीला यायचा. मास्तरांना मात्र ते ऐकायला आवडायचं. जेवायला बसलं की ते तिला एखादा प्रश्न टाकायचे. ती घास हातात धरून विचार करायची आणि कुठल्या कुठे जायची. मास्तर मान डोलवत ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तेच, थोडं आवरून, पर्याय म्हणून लिहायचे. घरातलं बोलणं ऑफिसात जात होतं. ऑफिसातलं घरी येत नव्हतं. यात वावगं काही आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. मुलीशी गप्पा मारल्यासारखं व्हायचं आणि कामही भागायचं.

ती दुसरी-तिसरीत असेल. मास्तरांनी ग्लासात पाणी घेतलं, त्यात बर्फाचा खडा सोडला आणि विचारलं, बर्फ वितळल्यावर पाणी वर येईल, खाली जाईल की आहे तिथेच राहील? पणतीने ग्लासाला नाक लावलं. बराच वेळ बघितलं. म्हणाली, तिथेच राहील. मास्तर खूश झाले. तेवढ्यात ती म्हणाली, "पण बाबा, ग्लास किती वेळ ठेवला त्यावर ते ठरेल. जास्त ठेवला तर पाणी उडून जाईल ना."

मास्तरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तो प्रश्न त्यांनी लिहिला तेव्हा पहिले तीन पर्याय पुस्तकातले होते. चौथा लिहिला: ग्लास किती वेळ ठेवला, त्यावर ते ठरेल. एक शब्द बदलला नाही.

तो प्रश्न आधी चाचणी म्हणून काही शाळांतून फिरवला गेला. आकडेवाले कागद घेऊन आले आणि खुर्ची ओढून बसले, जे ते सहसा करत नसत. म्हणाले, मास्तर, तुमचा हा चौथा पर्याय उलटा चाललाय. कच्ची मुलं त्याला हात लावत नाहीत, सरळ पाठ केलेलं उत्तर देऊन मोकळी होतात. हुशार मुलंच नेमकी त्यात पडतायत. असला प्रश्न रद्द करायचा हा विभागाचा नियम होता. मास्तरांनी लाल पेन उचललं. 'रद्द' हा एवढासा शब्द, पण हात काही चालेना. पोरीचं वाक्य होतं ते. त्यांनी लिहिलं, दुरुस्त करून ठेवावा. कपाटात गेला, आणि तिथेच राहिला.

पणती मोठी होत गेली. लांब उत्तरं लिहायची होती तोवर ती वर्गात पुढे असायची. तिची पानं भरून वाहायची. तपासणाऱ्या बाई समासात 'छान' लिहायच्या. मग मंडळाचं बघून तिच्या शाळेनेही चार पर्याय आणले, आणि तीच मुलगी, तोच अभ्यास, पण मार्क असे घसरले जसं कोणी जिन्यावरून ढकललंय. वर्गशिक्षिकेने बोलावून घेतलं. अभ्यास करत नाही असं म्हणवत नाही, त्या म्हणाल्या, पण पेपरात हिला काय होतं कोण जाणे. अर्धा पेपर कोराच ठेवते.

घरी आल्यावर मास्तरांनी विचारलं. ती म्हणाली, "चारही बरोबर वाटतात, बाबा. म्हणजे कुठला कधी बरोबर ठरेल, ते दिसतं. मग खोडायचा कुठला? आणि चुकलं तर मार्क कापतात."

मास्तर ऐकत राहिले. तिला काय होतंय ते त्या घरात फक्त त्यांनाच कळत होतं. चकवा कसा रचतात, तो कोणाला धरतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? आणि तेवढंच नेमकं बोलायला बंदी. बायकोने विचारलं, तुम्ही एवढे परीक्षेतले, तुम्हाला काहीच कसं सुचत नाही? ते म्हणाले, बघतो. शिकवणी लावली. शिकवणीच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात निदान केलं: ही विचार करते. विचार घरी करायचा, परीक्षेला बसल्यावर करायचा नाही. मास्तरांना राग आला, पण सर खोटं बोलत नव्हते.

पणतीला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी एकच प्रवेशपरीक्षा, आणि ती मास्तरांच्याच मंडळाची. जवळचं कोणी परीक्षेला बसणार असेल तर पेपर काढणाऱ्याने तसं कळवून बाजूला व्हायचं, असा नियम होता. मास्तरांनी लगेच कळवलं. त्या वर्षी त्यांना दुसऱ्या मजल्यावर जुन्या निकालांच्या दाखल्यांचं काम दिलं, आणि कोंडवाड्यात न जाण्याचं सुख त्यांना कित्येक वर्षांनी मिळालं. मुलीला परीक्षेला सोडायला ते स्वतः गेले. फाटकाशी तिने त्यांचं मनगट धरून घड्याळ बघितलं आणि आत गेली.

परतली ती दुपारी. आई रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपलेली. पणतीने चपला काढल्या, टेबलाशी बसली, पाणी मागितलं. बरा गेला म्हणाली. मग म्हणाली, बरा कसला, एकाच प्रश्नात मी फसून बसले. पुढचे कितीतरी सुटले.

"कुठला?" मास्तरांनी विचारलं. विचारायला नको होतं असं त्यांना पुढे अनेकदा वाटलं.

"बर्फाचा. ग्लासात बर्फ वितळला की पाण्याचं काय होतं. उत्तर मला येत होतं, बाबा. पण चौथा पर्याय होता, ग्लास किती वेळ ठेवला, त्यावर ते ठरेल. तो वाचला आणि कोणीतरी हळूच कानात सांगितल्यासारखं झालं. सगळ्या पेपरात तेवढं एकच वाक्य माणसाने लिहिल्यासारखं होतं. बाकीची सगळी छापल्यासारखी."

"मग तू काय केलंस?"

"तेच काळं केलं."

मास्तरांनी तांब्या खाली ठेवला. काय झालं असेल ते त्यांना उभ्या उभ्या कळलं. यंदा ते नव्हते, नव्या माणसांना प्रश्न कमी पडले, कपाटातला साठा उघडला, आणि 'दुरुस्त करून ठेवावा' हा शेरा वाचायला कोणाला सवड असणार? मुलीला जाळ्यातून वाचवायला बाप बाजूला झाला, आणि बापाने कधीकाळी विणलेलं जाळं तिथे टांगलेलंच होतं. तेही तिच्याच धाग्याचं. आपलेच दात, आपलेच ओठ. ओरडायची सोय नाही.

निकाल लागला. थोडक्यात गेलं. कितीशा थोडक्यात, ते बायकोने दोनदा वाचलं. मास्तरांनी कागद हातात घेतला नाही. एक बर्फाचा प्रश्न आणि त्याच्यामागे सुटलेले, एवढं धरलं तर पोरगी आत गेली असती. मास्तर त्या दिवसांत न्हाणीघरात जास्त वेळ घालवायला लागले, नळ सोडून. बायकोला वाटलं पोट बिघडलंय. तिने औषध आणून दिलं, ते त्यांनी मुकाट्याने घेतलं.

पणतीने पुन्हा बसायचं ठरवलं. आणि मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांकडे जाऊन काही मागितलं. मुलीचं नाव काढलं नाही. प्रमुखबाईंना म्हणाले, एकदा तपासून बघू या. तेच प्रश्न, तीच मुलं. एकदा पर्याय देऊन, एकदा कोऱ्या कागदावर लिहायला लावून. बाईंनी परवानगी दिली. दोन शाळा मिळाल्या. आकडेवाले आणि मास्तर दोघांनी मिळून सगळं केलं.

निघालं ते मास्तरांना वाटत होतं तसंच. पर्याय दिले की ज्यांना काही येत नाही त्यांचेही बरे मार्क पडत होते. दामटून ठोकणारे वर सरकत होते, जपून पाऊल टाकणारे जागा कोरी सोडून खाली येत होते. लिहायला लावलं की यादी उलटीपालटी व्हायची. मास्तरांच्या अंगात बळ आलं. पण त्याच गठ्ठ्यात एक मुलगी होती, घरी दुसरीच भाषा बोलणारी. कोऱ्या कागदावर तिची दोन वाक्यं धड उतरली नव्हती. परीक्षकाने नापास केलं असतं. पर्यायांत मात्र तिचं जवळजवळ सगळं बरोबर होतं. तशी आणखीही निघाली. हात थरथरणारा एक मुलगा होता. आकडेवाले म्हणाले, यांचं काय करायचं, मास्तर? तुमचा जुना पेपर यांना दारातूनच परत पाठवत होता.

मास्तरांनी तो कागद फिरवून फिरवून बघितला. त्यांना शत्रू हवा होता, आणि शत्रूच्या घरात कोणाची तरी लेकरं निजलेली निघाली. प्रमुखबाईंनी अहवाल शेवटपर्यंत वाचला. त्या वाईट नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, की तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण लाखांनी उत्तरं वाचणार कोण? आणि वाचणाऱ्याचा भरवसा काय? सकाळी वाचलं तर उदार, जेवण झाल्यावर वाचलं तर कंजूष. तुम्ही स्वतः सुंदर अक्षराला कधी मार्क जास्त दिले नाहीत? मास्तरांनी दिले होते. अहवाल कपाटात गेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशा गोष्टी कपाटातच बऱ्या.

मग राहिला एकच रस्ता. मास्तर टेबलाशी मुलीसमोर बसले आणि तिला शिकवायला लागले. कुठला प्रश्न सांगितला नाही, कपाटातलं काही फोडलं नाही. शिकवला तो नुसता पेपर काढणाऱ्याचा बेत. हा कागद तुला काय येतं ते विचारत नाही, ते म्हणाले. काढणाऱ्याने खूण कुठे ठेवलीय एवढंच विचारतो. आधी पर्याय वाच, मग प्रश्न. 'नेहमी' आणि 'कधीच' दिसलं की खोड. जो सावरून सावरून लिहिलाय, तो बहुधा बरोबर. आणि सगळ्यात शेवटचं सांगताना ते खिडकीकडे बघत होते.

"जो पर्याय तुला आपलासा वाटेल, त्याच्यावर पहिला संशय घ्यायचा."

"पण," पणती म्हणाली. मास्तरांनी बोट वर केलं. ती थांबली.

तिला ते लवकर जमलं. हुशारच होती. पहिल्यांदा ती दात-ओठ खाऊन करायची, मग खेळासारखं, मग सवयीने. पाहता पाहता हात इतका चालायला लागला की मास्तरांनी कागद ठेवायच्या आत गोल काळे झालेले असायचे. जेवताना मात्र ती गप्प झाली. काही विचारलं तर हो किंवा नाही. आज भाजी कशी झालीय म्हटलं तर बरी. बायको एकदा म्हणाली, अहो, हल्ली ही घरात आहे की नाही तेच कळत नाही. तुम्ही दोघं मिळून काय करताय तिचं?

दुसऱ्या वेळी पणती नुसती पास नाही, चांगली वर आली. शेजारीपाजारी येऊन गेले. शिकवणीच्या सरांनी तिचा फोटो आपल्या दारावर लावला. प्रमुखबाईंनी मास्तरांना केबिनमध्ये बोलावून अभिनंदन केलं, आणि मुलगी आता सुटली म्हटल्यावर यंदापासून परत पेपर काढायला या म्हणून सांगितलं. मास्तर हो म्हणाले.

मुलगी शिकायला दूर गेली. पहिल्या सुटीला आली ती वाळलेली. कोपरांना खरचटलेलं, बोटांना औषधाचा वास. त्या दिवशी तिघं बऱ्याच महिन्यांनी एकत्र जेवायला बसले. तिने तोंडी परीक्षेचं सांगितलं. गोठ्यात नेलं होतं. एक गाय खाली बसलेली, उठत नव्हती. म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, हिला काय झालंय?

"मी उभीच राहिले," ती म्हणाली. "मला सगळं येत होतं. पण मी वाट बघत होते. कशाची, ते माझं मलाच कळेना. मग कळलं, ते चार पर्याय सांगतील म्हणून मी थांबले होते." ती हसायला गेली आणि तिला हसू आलं नाही. प्राध्यापक रागावले नव्हते म्हणे. एवढंच म्हणाले, जा, गोठ्यात बसून राहा काही दिवस, मग परत ये.

आईने तिच्या पानात भात वाढला. मग पणतीने मान वर केली.

"बाबा, बर्फाचं ते चौथं वाक्य माझं होतं ना? गोठ्यात बसल्या बसल्या आठवलं. लहानपणी मी म्हणाले होते. ग्लास त्या कट्ट्यावर होता."

मास्तरांचा घास हातातच राहिला. हो म्हणावं तर शपथ मोडते, नाही म्हणावं तर मुलगी मोडते. बायकोची वाढायची पळी हवेतच थांबली होती. तिला पहिल्यांदाच काहीतरी उमगत होतं.

"नका सांगू," पणती म्हणाली. "एवढंच सांगा, ते चुकीचं होतं का?"

"नाही," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "चुकीचं नव्हतं. त्याला मार्क नव्हते."

मुलीने मान हलवली आणि जेवायला लागली. त्यानंतर त्या दोघांत हा विषय कधी निघाला नाही. बायकोने मात्र पानं उचलताना विचारलं, माझ्याशी बोलताना तरी माझंच ऐकत होता, की तेही तिकडे पोचवत होता? त्यांनी शपथ घेऊन सांगितलं की तसं कधी केलं नाही. ती म्हणाली, तुमच्या शपथा पुष्कळ आहेत.

सुटी संपल्यावर मास्तरांनी बदलीचा अर्ज दिला. कुठेही चालेल, परत शाळेवर पाठवा, पगार कमी चालेल. प्रमुखबाईंनी अर्ज वाचला, घडी घातली आणि त्यांच्याच हातात परत दिला. तुमच्यासारखे चकवे कोणाला जमत नाहीत, त्या म्हणाल्या. तुम्ही गेलात तर पेपर पोरखेळ होईल. यात कौतुक होतं आणि खरंही होतं. निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती. बायकोचे पाय सुजायला लागले होते, मुलीचं शिक्षण चालू होतं. मास्तर अर्जाची घडी खिशात घालून जागेवर येऊन बसले.

त्या वर्षीच्या परीक्षेआधी ते पुन्हा कोंडवाड्यात गेले. दारात फोन दिला, शपथेवर सही केली, मागे कुलूप लागल्याचं ऐकलं. त्याच दिवसांत कधीतरी पणती दुसऱ्या खेपेला त्या गोठ्यात उभी राहणार होती. नेमकं कधी ते त्यांना माहीत नव्हतं, आणि कळणार होतं ते बाहेर पडल्यावर. ती पास झाली, आणि प्राध्यापकांनी तिचं ऐकत, विचारत तिला गाईजवळून बराच वेळ हलू दिलं नाही, हे त्यांना पुढे बायकोकडून कळलं. आत असताना मात्र ते रोज मनात तिचा निकाल दोन्ही बाजूंनी लावत होते.

शेजारच्या खोलीत भाषावाल्यांचा पत्त्यांचा डाव रंगला होता. काचेवरच्या पांढऱ्या कागदातून ऊन आत येत होतं आणि रस्त्यावरून शाळेतून घरी निघालेल्या मुलांचा गलका ऐकू येत होता, चेहरे दिसत नव्हते. मास्तरांपुढे प्रश्न होता, बरोबर उत्तर होतं, चुकीची दोन होती. तिसरं हवं होतं. त्यांनी ठरवलं होतं की आता कोणाचंही खरं वाक्य वापरायचं नाही, मनाने रचायचं. चार-पाच रचून बघितली. एकाही वाक्यात जीव नव्हता. आकडेवाल्यांनी बघताक्षणी मढं म्हटलं असतं. बाहेरचा गलका लांब गेला. एक मुलगी मागे राहिली असावी, ती कोणाला तरी मोठ्याने काहीतरी समजावून सांगत होती, आणि ते चुकीचं होतं, आणि त्यात विचार होता.

मास्तरांचे कान टवकारले. त्यांनी ते मनातल्या मनात हाकलून लावलं. मग संध्याकाळी कागद न्यायला माणूस येईल हे आठवलं, आणि त्यांनी ते लिहून टाकलं.